पुढचं आलं नाही म्हणून थांबलो होतो

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. मी बाबांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, या शनिवारी यायला जमत नाहीये बाबा, ऑफिसचं काम आलंय. एवढंच लिहिलं आणि फोन बाजूला ठेवून कामाला लागले. शेवटी पूर्णविराम दिला नाही, मी कधीच देत नाही, मेसेज पाठवला की वाक्य संपलं हे दिसतंच की. तासाभराने बघितलं तर ब्लू टिक आलेली पण उत्तर नाही. संध्याकाळ झाली तरी नाही. आता बाबा रुसले असणार असं मनात आलं आणि मग सगळं आठवायला लागलं, मागच्या महिन्यात पण गेले नव्हते, त्यांच्या डोळ्याच्या तपासणीला पण ताईच गेली होती, वगैरे वगैरे. रात्री साडेनऊला न राहवून आईला फोन केला तर आई म्हणाली, अगं ते कधीचे मोबाईल हातात घेऊन बसलेत, तुझं पुढचं यायचंय म्हणतायत.

दोन मिनिटांनी बाबांचा मेसेज आला. "पुढचं आलं नाही म्हणून थांबलो होतो. वाक्य संपलं आहे का? काम आलं आहे, पण रविवारी येते, असं काही असेल असं वाटलं."

मी बराच वेळ ते वाचत बसले. चार-पाच तास माझे बाबा एका पूर्णविरामाची वाट बघत बसले होते आणि मी पुण्यात बसून ते चिडलेत असं समजत होते.

आता थोडं बाबांबद्दल सांगते म्हणजे हे असं का झालं ते कळेल. बाबा सांगलीत एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. सतराव्या वर्षी लागले ते प्रेसमध्ये ऑफसेट येईपर्यंत पंचवीस-सव्वीस वर्षं तेच काम. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ लावायची पट्टी, समोर टाइपच्या केसी, म्हणजे खिळ्यांचे खण, आणि उजव्या हाताने एकेक अक्षर उचलून उलटं लावत जायचं. देवनागरीत काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, त्यामुळे शेकडो घरं, आणि बाबांचा हात न बघता त्या घरात जायचा. लहानपणी मी डबा द्यायला जायची तेव्हा तो हात बघत उभी राहायची. ट्रेडल मशिनचा तो खडाक खडाक आवाज आणि शाईचा, घासलेटचा वास, अजून नाकात आहे माझ्या.

बाबांना आता ऐकू येत नाही. हळूहळू कमी होत गेलं, मशिनच्या आवाजामुळे की वयामुळे ते नक्की कोणी सांगितलं नाही, पण तीनेक वर्षांपासून फोनवर बोलणं बंदच झालं. कानातलं मशिन आहे, घरात समोरासमोर थोडं चालतं, पण फोन कानाला लावला की शिट्टी वाजते आणि बाबा वैतागून आईकडे देतात. म्हणून मग ताईने त्यांना मराठी टाइप करायला शिकवलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. ताई म्हणाली शिकवायला लागलंच नाही फारसं, कीबोर्ड बघितला आणि म्हणाले, ही तर केसच आहे, घरं तेवढी पाठ करायची.

तेव्हापासून माझं आणि बाबांचं सगळं बोलणं अक्षरात. आणि तिथेच मला पहिल्यांदा कळायला लागलं की आपण आवाजावर किती सोडून देत होतो.

जूनच्या त्या प्रसंगाच्या आधी उलटं एकदा झालं होतं, ते मला नंतर उमगलं. दिवाळीला मी एक दिवस उशिरा येणार असं कळवलं होतं आणि बाबांचं उत्तर आलं होतं, "बरं." बास. ब, अनुस्वारासकट र आणि पुढे टिंब. मी ते टिंब बघूनच गार पडले. माझ्या मित्रमैत्रिणींमध्ये कोणी असं "बरं." किंवा "ठीक आहे." लिहिलं ना, तर समजायचं काहीतरी बिनसलंय. साधं असेल तर "ठीके", खूश असेल तर "ओक्के" नाहीतर "चालतंय की", आणि पूर्णविराम आला की दार लावून घेतल्यासारखं. मी नवऱ्याला दाखवलं पण, बघ बाबा चिडलेत. सांगलीला पोचले तर बाबा दारात उभे, हातात माझ्यासाठी भडंगाची पिशवी, आणि चेहऱ्यावर रागाचा र पण नाही.

हे फक्त माझ्या मनाचे खेळ नाहीत हं. अमेरिकेत बिंगहॅमटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच तपासलं होतं. विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले, उत्तर एका शब्दाचं, हो किंवा ओके टाइप, काहींमध्ये शेवटी पूर्णविराम आणि काहींमध्ये नाही. मोबाईलवरच्या मेसेजमध्ये पूर्णविराम असला की ते उत्तर मनापासून दिलेलं नाही असं मुलांना वाटलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की तेच शब्द हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तेव्हा पूर्णविरामाने काही फरक पडला नाही. म्हणजे टिंबात राग नाहीये, टिंब कुठे बसलंय त्यात आहे. बाबा अजून कागदावर आहेत आणि मी मोबाईलवर आहे, आणि दोघं एकाच खिडकीत लिहितोय.

मी बाबांना विचारलं, समोर बसून, कागदावर लिहून. पूर्णविराम का देता प्रत्येक वेळी? ते हसले आणि बोटांनी दाखवायला लागले. खिळ्यांची ओळ लावली की ती घट्ट बसावी लागते. एक खिळा जरी कमी पडला तरी ओळ ढिली होते आणि फर्मा, म्हणजे बांधलेलं पान, उचलताना अक्षरं खाली गळतात. म्हणाले, पूर्णविराम म्हणजे नुसती खूण नव्हे बाळा, तो पण एक खिळा आहे, तो नसेल तर ओळ धरत नाही.

तेव्हापासून मी बाबांना पूर्णविराम देऊन लिहिते. फक्त बाबांना. बाकी जगाला तसंच, मोकळं.

पण मग डोक्यात किडा शिरला की हे आपल्याकडे आधी कसं होतं. कारण ही सगळी चिन्हं आपली मुळातली नाहीतच. पोथ्यांमध्ये दंड असायचा, एक उभी रेघ नाहीतर दोन. मोडीत तर शब्दांमध्ये जागा पण सोडत नसत, आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची सरळ. स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह हे सगळं इंग्रजीच्या वळणाने आलं, मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' म्हणून पुस्तिका लिहिली तिथून मराठीत रुळायला लागलं. शाळेत आपण पाच मार्कांसाठी योग्य विरामचिन्हे द्या सोडवायचो ना, ते सगळं पावणेदोनशे वर्षांचंच आहे.

मग त्याआधी पत्र संपलं हे कसं कळायचं? तर शब्दांनी आणि शिक्क्यांनी. "बहुत काय लिहिणे", "लेखनसीमा". शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी छोटी मुद्रा असायची, "मर्यादेयं विराजते", म्हणजे इथे मर्यादा झाली, याच्या पुढे कोणी काही घुसडू नये. हे बाबांना वाचून दाखवलं तर ते इतके खूश झाले, म्हणाले बघ, पूर्णविरामाला तेव्हा मोहोर होती.

आणि भावना? त्या मायन्यात असायच्या. आजीला आलेली पत्रं आईने एका पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. तीर्थरूप, चिरंजीव, सा. न. वि. वि., अनेक उत्तम आशीर्वाद. दरवेळी तेच शब्द. पण एका पत्रात आजीच्या भावाने मायना न लिहिता एकदम सुरू केलंय, "अक्का, लगेच निघ." आणि ते वाचताना आज पण छातीत धस्स होतं, कारण बाकीच्या सगळ्या पत्रांना मायना आहे आणि ह्यालाच नाही. शिवाय कागद पण बोलायचा. मंगलकार्याच्या पत्राला कोपऱ्यात हळदीकुंकू, आणि कोणी गेल्याचं कार्ड असेल तर कोपरा फाडलेला, पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की बायका दारातच रडायला लागायच्या, अक्षर वाचायच्या आधी. आपण आज बोल्ड, इटॅलिक, इमोजी म्हणतो, पण तो फाडलेला कोपरा म्हणजे पण तेच की.

बाबांच्या प्रेसमध्ये निधनाच्या कार्डासाठी काळ्या जाड पट्ट्या वेगळ्या ठेवलेल्या असायच्या, चौकटीसाठी. त्या पट्ट्या काढल्या की सगळे जरा हळू बोलायचे म्हणे. आणि लग्नपत्रिकेसाठी ब्लॉक, म्हणजे चित्रांचे ठसे, गणपती, कलश, सनई, जोडलेले हात, फुलांची वेलबुट्टी. मी बाबांना इमोजीचा इतिहास सांगत होते, की १९९९ मध्ये जपानमध्ये डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा संच केला आणि प्रत्येक चित्र फक्त आडवे बारा आणि उभे बारा ठिपके, एवढ्या जागेत पाऊस पण बसवायचा आणि हृदय पण. बाबा म्हणाले, हे ब्लॉकच आहेत गं, आमच्याकडे पण असायचे, फक्त आमच्याकडे एकच गणपती होता आणि तो रोज धुवायला लागायचा.

त्यांचा इमोजीवर राग नाही, हे मला फार आवडतं. ते फक्त जपून वापरतात. जोडलेले हात हा त्यांचा ठरलेला, आणि तो ते मेसेजच्या सुरुवातीला लावतात, शेवटी नाही, कारण नमस्कार आधी असतो. एकदा माझ्या भाचीने, ती पंधरा वर्षांची आहे, आबांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, एका विनोदाला उत्तर म्हणून कवटी पाठवली. तिच्या वयाच्या मुलांमध्ये कवटी म्हणजे हसून हसून मेले. बाबा घाबरले. आईला दाखवलं, आईने ताईला फोन केला, पोर बरी आहे ना. मग भाचीने आबांना नीट लिहून सांगितलं आणि बाबांनी उत्तर दिलं, "कळलं. पण मला हसरा चेहराच पाठवत जा. माझ्या डोळ्यांना ते लगेच कळतं." आणि ती पोरगी आता आबांना तेच पाठवते, तिच्या मैत्रिणींमध्ये तो चेहरा म्हातारा झाला असला तरी. मला हे फार मोठं वाटतं. तिने आबांची भाषा शिकून घेतली.

हसऱ्या चेहऱ्याची सुरुवात पण अशीच गैरसमजातून झाली ना. १९ सप्टेंबर १९८२, कार्नेगी मेलन विद्यापीठ, तिथले लोक कॉम्प्युटरवर एकमेकांना लिहायचे आणि कोणाची गंमत कोणाला खरीच वाटायची, म्हणून स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गंमत असेल तिथे :-) असं लिहा. तीन चिन्हं. अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस. हे पण बाबांना दाखवलं, त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि मग खूप वेळ हसत होते.

आता मराठीचा मुद्दा, जो मला खरं तर सगळ्यात जास्त लिहायचा होता.

इंग्रजीत ओरडायचं असेल तर सगळी अक्षरं कॅपिटल करतात. आपल्या लिपीत मोठी अक्षरं-छोटी अक्षरं हा प्रकारच नाही. तिरप्या अक्षराची पण आपल्याला सवय नाही, बाबांच्या प्रेसमध्ये तिरपा टाइप नव्हताच, आणि मोबाईलवर मराठी तिरपं केलं की अक्षरं पडायला आल्यासारखी दिसतात. ते इंस्टाग्रामवर इंग्रजीत फॅन्सी जाड, वळणदार अक्षरं असतात ना, ती खरं तर गणितात वापरायची चिन्हं आहेत युनिकोडमधली, आणि देवनागरीसाठी तसा संच नाही. (बरंच आहे नाही ते. ऑफिसमध्ये माझा एक सहकारी अंध आहे, तो स्क्रीन रीडरने ऐकतो सगळं, आणि तसली फॅन्सी अक्षरं आली की त्याचा फोन एकेका अक्षराचं गणिती नाव वाचत बसतो नाहीतर सरळ गप्प बसतो. हसण्याचे दहा इमोजी एका ओळीत टाकले तर तो दहा वेळा त्याचं नाव ऐकतो. त्याने सांगितल्यापासून मी एकच टाकते.)

मग आपण आवाज चढवतो कसा? तर अक्षरालाच ताणतो किंवा दाबतो. अवग्रह, तो इंग्रजी एस सारखा दिसणारा ऽ. संस्कृतात तो लोप पावलेल्या अ ची खूण आहे, सोऽहम् मध्ये असतो तसा, पण मराठीने त्याला हाक मारायला लावलं. आईऽऽ, एऽऽ बाळ्या, खूऽऽप. मला तर वाटतं की मराठी टायपिंगमधली सगळ्यात सुंदर खूण हीच आहे, तिच्यात अंतर ऐकू येतं, अंगणातून स्वयंपाकघरापर्यंतचं. पण कितीतरी लोकांना ती कीबोर्डवर सापडतच नाही, मग ते वेलांटी तीन-चार वेळा दाबतात आणि काही फोनवर तिथे ठिपक्यांची गोल गोल वर्तुळं उमटतात, कारण वेलांटीला बसायला अक्षर मिळत नाही. म्हणून नाहीईईई असं स्वर लिहून ताणावं लागतं. आणि दाबायचं असेल तर जोडाक्षर. मोठं चं मोठ्ठं, इतकं चं इत्तकं, सगळं चं सग्गळं, अजिबात चं अज्जिबात. हे आपण बोलताना करतोच, तेच टाइप करतो. यासाठी कुठलं बोल्ड नको.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपले शेपटाचे शब्द. ना, की, गं, रे, बरं, हं, होय. "ये" असं लिहिलं तर हुकूम. "ये ना" मध्ये लाड आहे, "ये की" मध्ये आग्रह, "ये हं" मध्ये माया, "ये बरं" मध्ये थोडा दम. बाबा सांगलीचे म्हणून "जेवलीस होय?" लिहितात आणि त्या होय मध्ये त्यांचा अख्खा आवाज असतो, मान थोडी तिरकी करून विचारलेला. मला वाटतं मराठीत अर्धी विरामचिन्हं ही शब्दच आहेत. नवीन मुलांनी मेसेज छोटा करायच्या नादात हे शब्द गाळू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण ते गाळले की मग ती जागा भरायला तीन इमोजी लागतात.

उलट राग आला की मराठी माणूस काय करतो बघा. तो शुद्ध लिहायला लागतो. माझा नवरा एरवी "जेवलोय", "निघालोय", "पोचतोच". आणि भांडण झालं की "मी जेवलो आहे." "मी निघालो आहे." अनुस्वारवालं केलं, झालं जाऊन केले, झाले येतं. एकदा तर "आपण निर्णय घ्यावा" असं लिहिलं होतं, आपण! त्या एका आपण ला मी दोन दिवस घाबरले होते. कुठल्याही उद्गारचिन्हापेक्षा ते मोठ्याने ऐकू आलं.

मराठी साइट्सवर पण लोकांनी आपापलं काय काय शोधून काढलं. मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून. तिथे गंमत केली की "दिवे घ्या" म्हणायचे, म्हणजे मनाला लावून घेऊ नका. हसून हसून पुरेवाट म्हणून हहपुवा. कोणाचं लेखन आवडलं तर पुलेशु, पुढील लेखनास शुभेच्छा. पुढचा भाग हवा असेल तर पुभाप्र, पुढील भागाच्या प्रतीक्षेत. हे सगळं सा. न. वि. वि. च्याच कुळातलं आहे असं मला वाटतं, आजीच्या डब्यातल्या पत्रांचं. पहिलं अक्षर पहिलं अक्षर घेऊन भावना बांधायची आपली जुनीच सवय.

एका गोष्टीवरून मात्र बाबा चिडतात, ती सांगायलाच हवी. सोसायटीच्या ग्रुपवर, फ्लेक्सवर, सगळीकडे लोक "!! श्री गणेशाय नमः !!" असं लिहितात. मोबाईलवर दंड चटकन सापडत नाही म्हणून उद्गारचिन्ह, आणि आता ते इतकं रुळलंय की छापील पत्रिकेत पण येतं. बाबा म्हणतात, देवाचं नाव घेताना दचकायचं कशाला? दंड म्हणजे खांब, दोन्ही बाजूला उभा राहतो. त्यांनी मला दंड कुठे आहे ते विचारून शोधून घेतला आणि आता कोणाचाही तसा मेसेज आला की ते दंड घालून नीट केलेला परत पाठवतात, खाली काही न लिहिता. त्यांचं मला पटतं.

ठळक करायची युक्ती त्यांना ताईने शिकवली. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून आहे ते, शब्दाच्या दोन्ही बाजूला तारा (*). सुरुवातीला बाबा तारा आणि शब्द यांच्यात जागा सोडायचे आणि मग तारा तशाच दिसायच्या. चिकटवायचं असतं हे कळल्यावर म्हणाले, हां, म्हणजे स्पेस घालायची नाही मध्ये. प्रूफावर ते ठळक करायच्या शब्दाखाली नागमोडी रेघ मारायचे. आता ते फक्त दोनच गोष्टी ठळक करतात, तारीख आणि औषधाचं नाव. बाकी काही नाही. शब्दावर काट मारलेली दाखवतात ती सोय त्यांना आवडली नाही, चुकीचा खिळा काढून टाकायचा असतो, लोकांना दाखवायचा नसतो असं त्यांचं मत. इथे माझं वेगळं आहे, मला कधी कधी खोडलेलं दिसावंसं वाटतं, मन कसं बदललं ते दिसतं त्यात. पण ते राहू दे.

सगळ्यात जास्त हळहळ मला वाटली ती त्या ॲपची. बोललेलं अक्षरात दाखवणारं ॲप आहे ना, ते मी बाबांच्या फोनवर घातलं होतं, मोठ्या आशेने. समोर बसून बोलायचं आणि त्यांना स्क्रीनवर वाचता येईल. शब्द बऱ्यापैकी बरोबर यायचे. पण चिन्हं नाहीत. मराठीत प्रश्न विचारायला शब्द बदलावा लागत नाही, नुसता सूर वर न्यायचा. मी काळजीने विचारलं, गोळी घेतली नाही? आणि स्क्रीनवर आलं, गोळी घेतली नाही. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, घेतली की, असं का म्हणतेस? पुढे मी म्हटलं, तुम्ही येणार नाही? ताईकडे जायचं होतं आम्हाला, मी आग्रहाने विचारत होते. स्क्रीनवर, तुम्ही येणार नाही. बाबांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, उठून आतल्या खोलीत गेले आणि घातलेला शर्ट काढून ठेवला. मी त्यांना नको म्हटलं असं त्यांना वाटलं. एक प्रश्नचिन्ह नव्हतं म्हणून. मी मागोमाग गेले, हात धरला, कागदावर मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढून दाखवलं. तेव्हा समजले.

त्यानंतर मी "का" लावून बोलते. तुम्ही येणार नाही का. गोळी घेतली का. मुद्दाम. आवाज जिथे पोचत नाही तिथे शब्द न्यायचा.

तीन टिंबांचं राहिलंच. बाबा वापरत नाहीत पण आई वापरते. आईला ऐकू येतं, पण बाबांचं बघून तिने पण लिहायला सुरुवात केली, आणि तिच्या प्रत्येक तुकड्यानंतर टिंबं असतात, चार, पाच, सात. "आज पाऊस फार..... मावशी आली होती..... तुझी आठवण काढत होती....." आधी मला वाटायचं आई काहीतरी लपवतेय, मावशीला काही झालंय की काय. आमच्या वयाच्या लोकांना टिंबं म्हणजे मनात काहीतरी ठेवलेलं वाटतं. पण आईची टिंबं म्हणजे तिचा श्वास आहे नुसता. ती फोनवर पण अशीच बोलते, एक वाक्य, मग कुकरकडे बघणं, मग दुसरं वाक्य. आता मी टिंबं वाचताना तो कुकर ऐकते.

या दिवाळीला चार दिवस राहून आले. निघताना बाबा स्टँडवर आले होते, गाडी हलेपर्यंत उभे. कराडच्या आसपास त्यांचा मेसेज आला, "नीट जा. पोहोचलीस की कळव" आणि पुढे काही नाही. मी दोनदा बघितलं. बाबांच्या मेसेजला पूर्णविराम नाही असं गेल्या तीन वर्षांत झालेलं नाही, मला उगाच काळजी वाटली, म्हणून लिहिलं, बाबा, पूर्णविराम राहिला. लगेच उत्तर आलं.

"राहिला नाही. हातात ठेवला आहे. तू घरी गेल्यावर लावतो."

रात्री पावणेअकराला कुलूप उघडून आत आले आणि बॅग दारातच ठेवून आधी टाइप केलं, "पोहोचले बाबा."

बाबांचं उत्तर आलं ते एवढंच.

"."